उजेड टिपणारे पापुद्रे आणि मावळातली ओल

पानशेतच्या तानाजीसागरात आंबी नदीचं पाणी साठतं, शेजारच्या वरसगावात मोसेचं. पावसाळ्यात वेल्ह्याच्या डोंगरउतारांवरची माती ओढ्यांतून खाली येते आणि जलाशय गढूळ होतात. हेच पाणी पुढे खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना जातं, त्यामुळे ते किती गढूळ आहे हे मोजणं भाग असतं. ही मोजणी उजेडानं होते. पाण्यात एका बाजूनं प्रकाश सोडायचा आणि मातीच्या कणांवर आदळून काटकोनात विखुरलेला प्रकाश संवेदकानं टिपायचा. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक आयएस १०५०० यात गढूळतेची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ५.

अशा यंत्राचा डोळा म्हणजे सिलिकॉनचा फोटोडायोड. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या मोजणीला ८६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरतात आणि तिथे सिलिकॉनची नजर तीक्ष्ण असते. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि नॅनोसेकंदांत उत्तर देतो. इथे नव्या पदार्थाची कुणाला गरज नाही.

गरज पडते ती पाण्यातली माती सोडून मातीतलं पाणी मोजायचं झालं की. भाताच्या पानातली, धान्याच्या दाण्यातली किंवा जमिनीतली ओल प्रकाशानं ओळखायची, तर पाणी जो प्रकाश जोरात शोषतं तो बघावा लागतो. त्याचे ठळक पट्टे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास आहेत. सिलिकॉनची दृष्टी मात्र ११०० नॅनोमीटरलाच संपते. त्यापुढे आज प्रामुख्यानं इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड वापरतात. त्याचे स्फटिक इंडियम फॉस्फाइडच्या महागड्या चकतीवर वाढवावे लागतात आणि मग सिलिकॉनच्या वाचक चिपला जोडावे लागतात. किंमत इथेच चढते. सिलिकॉनच्या चिपवर थेट पसरता येईल आणि सिलिकॉनला दिसत नाही ते पाहील असा पदार्थ मिळाला तर? द्विमितीय, म्हणजे काही अणूंच्याच जाडीच्या, पदार्थांच्या प्रकाशसंवेदकांवर गेल्या दीड दशकात जे संशोधन झालं, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा प्रश्न आहे.

एका थराची ताकद आणि तिची मर्यादा

२००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाईम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचा एकेक थर सोलून ग्रॅफीन वेगळं केलं. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ग्रॅफीनचा एक थर, म्हणजे अवघा एक अणू जाडीचा पापुद्रा, त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २.३ टक्के शोषतो. त्या जाडीच्या मानानं हे प्रमाण प्रचंड आहे. संवेदकाच्या दृष्टीनं मात्र ते तुटपुंजं, कारण उरलेला सुमारे ९७ टक्के प्रकाश आरपार निघून जातो.

ग्रॅफीनमध्ये इलेक्ट्रॉन अतिशय वेगानं धावतात आणि त्याला ऊर्जाफट, म्हणजे प्रकाश शोषण्यासाठी लागणारी किमान ऊर्जेची अट, नाही, त्यामुळे अतिनीलपासून दूरच्या अवरक्तापर्यंत सगळा प्रकाश ते थोडाथोडा शोषतं. २०१० मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ग्रॅफीनचा संवेदक वापरून सेकंदाला १० गिगाबिट वेगानं आलेला प्रकाशसंदेश वाचून दाखवला. वेग होता, पण संकेत बारीक होता: १ वॅट प्रकाशामागे सुमारे ६ मिलिअँपिअर.

दुसरा बहुचर्चित पदार्थ मॉलिब्डेनम डायसल्फाइड. गॅरेजमधल्या मेकॅनिकला तो ‘मॉली ग्रीस’मधली काळी भुकटी म्हणून ठाऊक असतो. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून तो वंगणाला चालतो, आणि त्याच कारणानं सोललाही जातो. जाड तुकड्यात त्याची ऊर्जाफट अप्रत्यक्ष असते. एकाच थरावर आणला की ती प्रत्यक्ष होते आणि सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जाते. हे २०१० मध्ये दिसून आलं. प्रत्यक्ष फट म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर सुकर. पण १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे तांबड्या रंगाच्या पलीकडे अंधारच. ओल मोजणारा अवरक्त प्रकाश या एकेरी थराला दिसत नाही.

म्हणजे मूळ रूपातला कोणताही पापुद्रा पुरा पडत नाही. एक कमी शोषतो, दुसऱ्याची दृष्टी तोकडी, तिसरा, काळा फॉस्फरस, हवेत टिकत नाही. म्हणून ‘सुधारित’ पदार्थांचा खटाटोप.

सुधारणा म्हणजे नेमकं काय

सगळ्यात गाजलेली सुधारणा म्हणजे पापुद्र्यावर दुसऱ्या पदार्थाचे नॅनोकण बसवणं. २०१२ मध्ये बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेत गेरासिमोस कॉन्स्टंटाटोस आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफीनवर लेड सल्फाइडच्या पुंजबिंदूंचा थर दिला. प्रकाश शोषण्याचं काम पुंजबिंदूंचं, विद्युतभार वाहण्याचं काम ग्रॅफीनचं. प्रतिसाद १ वॅटला सुमारे १ कोटी अँपिअर या पातळीवर गेला. बिंदूंचा आकार बदलला की तरंगलांबीची मर्यादाही बदलते, त्यामुळे अवरक्ताचं दार उघडलं. लेड सल्फाइड हा नवखा पदार्थ नाही. खनिजरूपात तोच गॅलिना, आणि गॅलिनाचा संवेदक वापरणाऱ्या उपकरणाचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळालं होतं. शंभर वर्षांनंतर तोच पदार्थ काही नॅनोमीटरच्या गोळ्यांच्या रूपात परत आला.

दुसरी वाट दोन वेगवेगळे पापुद्रे एकावर एक ठेवण्याची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांच्या गटानं २०१३ मध्ये ग्रॅफीन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांची अशी जोडी जमवली. खोलीच्या तापमानाला तिचा प्रतिसाद १ वॅटला ५० कोटी अँपिअरपर्यंत गेला.

तिसरी वाट मिश्रणाची. काळ्या फॉस्फरसची ऊर्जाफट जाड तुकड्यात ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते. त्यात आर्सेनिक मिसळत गेलं की ती आणखी उतरते. २०१७ मध्ये अशा मिश्रणाच्या संवेदकानं ८ मायक्रोमीटरपलीकडचा अवरक्त प्रकाश खोलीच्याच तापमानाला टिपला. एरवी त्या टापूतले संवेदक बहुधा थंड करावे लागतात.

चौथी वाट दोष बुजवण्याची. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरात जागोजागी गंधकाचे अणू गळालेले असतात. बर्कलेच्या अली जावे यांच्या गटानं २०१५ मध्ये एका सेंद्रिय महाआम्लाची प्रक्रिया केली, तेव्हा त्या थराची प्रकाश परत देण्याची कार्यक्षमता १ टक्क्याच्याही खालून ९५ टक्क्यांच्या वर गेली. याशिवाय सोन्याचे कण बसवून प्रकाश एकवटणं, थर ताणणं, खाली तरंगमार्ग कोरणं, वर फेरोविद्युत बहुलकाचा थर देणं असे उपाय आहेतच. फेरोविद्युत थराखालच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडनं २०१५ मध्ये १ वॅटला अडीच हजारांहून अधिक अँपिअर प्रतिसाद दिला, तोही सुमारे २ मिलिसेकंदांत.

कोट्यवधी अँपिअर येतात कुठून

हे आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणून थांबून हिशेब करायला हवा. एका फोटॉनमागे जास्तीत जास्त एक इलेक्ट्रॉन मिळाला, तर ५६१ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला १ वॅटमागे ०.४५ अँपिअरच मिळू शकतो. २०१३ मध्ये लोझान येथे आंद्रास किस यांच्या गटानं मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरातून त्याच प्रकाशात ८८० अँपिअर मिळवले. म्हणजे जवळपास दोन हजार पटींची भर.

ही भर अडकलेल्या भारातून येते. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल अशी जोडी निर्माण होते. त्यातला एक दोषाच्या खळग्यात किंवा शेजारच्या पुंजबिंदूत अडकून बसतो, दुसरा वाहू लागतो. दाराला पाचर लावून ठेवावी तसा तो अडकलेला भार वाट उघडी धरतो. एक इलेक्ट्रॉन बाहेर पडला की दुसरा आत येतो, आणि पाचर निघेपर्यंत ये-जा सुरूच राहते. पाचर जितकी घट्ट तितके इलेक्ट्रॉन अधिक. आणि दार बंद व्हायला वेळही तितकाच अधिक. लोझानच्या त्याच संवेदकाचा प्रवाह चढायला सुमारे ४ सेकंद आणि उतरायला सुमारे ९ सेकंद लागले. बंगळुरूच्या जोडीत तर प्रकाश गेला तरी प्रवाह टिकून राहत होता. विजेचा स्पंद देऊन तो पुसावा लागे. संशोधकांनी त्याला प्रकाशावर लिहिली जाणारी स्मृती असं रूप दिलं ते यामुळेच. स्मृती म्हणून तो गुण, कॅमेऱ्याच्या दृष्टीनं दोष.

पुण्याच्या तपकीर गल्लीत काही रुपयांना मिळणारा एलडीआर, म्हणजे रस्त्यावरचे दिवे अंधार पडताच लावणारा कॅडमियम सल्फाइडचा रोधक, याच तत्त्वावर चालतो आणि त्यामुळेच संथ असतो. दिव्याच्या खांबाला त्यानं बिघडत नाही.

या देवघेवीचा सगळ्यात नेटका अभ्यास मुंबईत झाला. आयआयटी मुंबईत सौरभ लोढा यांचा गट आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांनी २०१८ मध्ये रेनियम डायसल्फाइडच्या अनेक थरी संवेदकांवरचं काम प्रसिद्ध केलं. हा पदार्थ निवडण्याचं कारण त्याची प्रत्यक्ष ऊर्जाफट. ती जाडीनं बदलत नाही, त्यामुळे थर वाढवून शोषण वाढवता येतं. एकाच प्रकारच्या संवेदकातून त्यांनी १ वॅटला ४ अँपिअर मिळवले, तेव्हा प्रतिसादाला ५० मिलिसेकंद लागले. २० मायक्रोसेकंदांचा वेग मिळवला, तेव्हा प्रतिसाद ४ मिलिअँपिअरवर उतरला. गेटचा विद्युतदाब बदलून खळगे भरलेले ठेवायचे की रिकामे, हे त्यांनी ठरवलं आणि वेग चार दशमान पायऱ्यांपर्यंत फिरवून दाखवला. नुसत्या प्रतिसादाचा आकडा न देता प्रतिसाद आणि वेग यांचा एकत्रित निकष वापरावा, अशी त्यांची सूचना होती. बड्या आकड्यांच्या शर्यतीत या सूचनेकडे लक्ष द्यायला हवं होतं तितकं दिलं गेलेलं नाही.

गोंगाटाचं गणितही असंच निसटतं. क्षीण प्रकाश ओळखण्याची क्षमता सांगताना अनेक निबंधांत फक्त अंधारप्रवाहातून येणारा गोंगाट धरला जातो. खळग्यांमुळे उठणारा, कमी वारंवारतेवर वाढत जाणारा गोंगाट मोजलाच जात नाही. ज्या खळग्यांनी आकडा फुगवला, तेच हिशेबाबाहेर राहतात.

ओल: शत्रू की लक्ष्य?

द्विमितीय पदार्थ म्हणजे सगळा पृष्ठभागच. जे काही हवेत आहे ते थेट त्याच्या अंगाला चिकटतं. ही गोष्ट सप्रमाण मांडणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी एकात महाराष्ट्राशी नातं असलेली माणसं होती. दत्तात्रय लाटे यांनी सी. एन. आर. राव आणि आयआयटी मुंबईत शिकलेले, अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले विनायक द्रविड यांच्याबरोबर २०१२ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकथरी ट्रान्झिस्टरचा विक्षिप्तपणा तपासला. विद्युतदाब चढवताना एक प्रवाह, उतरवताना दुसराच, असं का होतं? मुख्य कारण निघालं पृष्ठभागावर धरलेली ओल, आणि पदार्थाच्या प्रकाशसंवेदनेनं ते आणखी तीव्र होत होतं. सिलिकॉन नायट्राइडचं आवरण दिल्यावर हा दोष कमी झाला आणि इलेक्ट्रॉनांची गतिशीलता दहा पटींहून अधिक वाढली.

लाटे पुढे पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथून २०१५ मध्ये व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या अतिपातळ पत्र्यांवर एक निबंध आला. त्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचाही सहभाग होता, आणि एकाच पदार्थापासून आर्द्रतेचा संवेदक व प्रकाशाचा संवेदक दोन्ही करून दाखवले होते. २०१६ मध्ये मनीषा एरंडे, महेंद्र पवार आणि लाटे यांनी काळा फॉस्फरस विद्युतरासायनिक पद्धतीनं सोलला. चिकटपट्टीनं एकेक तुकडा काढण्यापेक्षा या वाटेनं माल भरपूर निघतो. त्या पत्र्यांचाही उपयोग दुहेरी होता, आर्द्रता आणि प्रकाश.

एका पदार्थाचे दोन उपयोग हे निबंधाच्या मथळ्यात शोभून दिसतं. अभियंत्याला त्यात अडचण दिसते. जो संवेदक उजेड आणि दमटपणा दोघांनाही उत्तर देतो, त्याचा आकडा बदलला तर बदललं काय, ऊन की हवा? पानशेतच्या धरणभिंतीवर जुलैत उभ्या केलेल्या उपकरणाला हा प्रश्न दिवसरात्र पडेल. शिवाय मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर चिकटलेले पाण्याचे आणि ऑक्सिजनचे रेणू इलेक्ट्रॉन ओढून धरतात. उजेड पडला की त्यातले काही सुटतात आणि प्रवाह हळूहळू चढत जातो. मंद प्रतिसादाचा काही भाग पदार्थाचा असतो, काही या चिकटलेल्या रेणूंचा.

काळ्या फॉस्फरसची स्थिती याहून नाजूक आहे. पर्सी ब्रिजमन यांनी तो १९१४ मध्ये उच्च दाबाखाली तयार केला. बरोबर शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच्या पापुद्र्यांचे ट्रान्झिस्टर झाले. ऑक्सिजन, पाणी आणि प्रकाश एकत्र आले की तो खराब होऊ लागतो, आणि प्रकाशसंवेदकाला प्रकाश तर टाळता येत नाही. नॉर्थवेस्टर्नमध्ये २०१४ मध्येच उघडा ट्रान्झिस्टर दोन-तीन दिवसांत ढासळला आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचं आवरण दिलेला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला. प्रयोगशाळेत ही मोठी मजल होती. शेतातल्या उपकरणाला दोन आठवडे म्हणजे जेमतेम एक नक्षत्र.

आवरणाचा उपाय रास्त आहे, मात्र त्याचीही किंमत मोजावी लागते. हेक्झागोनल बोरॉन नायट्राइडचे थर पारदर्शक आणि गुळगुळीत असतात, पण मोठ्या क्षेत्रावर एकसारखे पसरणं अवघड. ऑक्साइडचा थर पसरवणं सोपं, पण तो स्वतःचे खळगे घेऊन येतो.

चकतीपर्यंतचा रस्ता

निबंधातले बहुतेक संवेदक काही मायक्रोमीटर रुंदीच्या एका तुकड्यावर केलेले असतात. कॅमेऱ्याला तसेच लाखो लागतात आणि सगळे सारखे. या दिशेनं बरंच पुढे गेलेलं उदाहरण पुन्हा आयसीएफओचंच. २०१७ मध्ये त्यांनी सिलिकॉनच्या वाचक चिपवर ग्रॅफीन आणि पुंजबिंदू पसरून ३८८ × २८८ बिंदूंचा कॅमेरा-संवेदक केला. तो ३०० ते २००० नॅनोमीटरपर्यंत पाहतो. ओलीचे दोन्ही पट्टे त्यात येतात. त्यातलं शिसं ही मात्र पुढची अडचण आहे, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर अनेक देशांत निर्बंध आहेत.

प्रतिस्पर्धीही स्वस्थ नाहीत. सोनीनं २०२० मध्ये ४०० ते १७०० नॅनोमीटर पाहणारे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे संवेदक जाहीर केले. त्यात प्रत्येक बिंदू ५ मायक्रोमीटरचा आणि सिलिकॉनशी जोड तांब्याला तांबं चिकटवून केलेला. द्विमितीय पदार्थांना जिंकायचं असेल तर या उत्पादनाशी स्पर्धा करावी लागेल, दहा वर्षांपूर्वीच्या उत्पादनाशी नव्हे.

भारतात २००६ मध्ये आयआयटी मुंबई आणि भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रं सुरू झाली, त्यामुळे संवेदक कोरण्याची सोय झाली. पाषाणला रसायनं करणारे आहेत. खडकवासल्याजवळ, पानशेतच्याच रस्त्यावर, गिरिनगरला संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था आहे, आणि खडकवासल्यात १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. पदार्थ करणारे आणि पाणी मोजणारे यांच्यातलं अंतर काही किलोमीटरचं आहे.

गेल्या दीड दशकाचा ताळा मांडला तर दिसतं ते असं. प्रतिसाद वाढवण्याचा प्रश्न जवळपास सुटला आहे. त्याच्या अनेक वाटा सापडल्या. वेगाशी त्याची सांगड घालण्याचं तत्त्व समजलं आहे, यश अर्धंमुर्धं आहे. टिकाऊपणा आणि एकसारखेपणा हे दोन प्रश्न सर्वांत कमी मोजले गेले, आणि वापर अडला आहे तो तिथेच. प्रत्येक नव्या संवेदकाबरोबर ९० टक्के आर्द्रतेत काही महिने ठेवल्यावरचा आकडा आणि एकाच चकतीवरच्या शंभर संवेदकांतला फरक छापला गेला, तर या क्षेत्रातले अनेक विक्रम नव्यानं तपासावे लागतील.

म्हणून पहिला वापर मोबाइलच्या कॅमेऱ्यात शोधणं चुकीचं ठरेल. तिथे लाखो बिंदू हवेत, वेग हवा आणि सिलिकॉनची किंमत गाठायला हवी. धान्यातली ओल पाहणारं हातात धरायचं यंत्र या पदार्थांच्या आवाक्यात आधी येऊ शकतं. त्याला मोजके बिंदू पुरतात, काही मिलिसेकंदांचा वेग चालतो, संवेदक काचेच्या डबीत हवाबंद करता येतो आणि १४५० नॅनोमीटरच्या पट्ट्याशेजारी दुसरी तरंगलांबी ठेवून प्रत्येक वाचनाची तुलना करता येते. अशा यंत्रापुढे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडची किंमत हाच मुख्य अडसर आहे, आणि सुधारित पापुद्र्यांचा खरा दावा स्वस्तपणाचाच आहे.